अनुस्वार

सतरा वेळा म्हणाले, हांव खातां.
फोन म्हणतो, पुन्हा एकदा.
नाकातला तो ठिपका
त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही.
आणि ठिपका गेला की जेवणारी मी उरत नाही,
कुणी दुसराच जेवून जातो.

केप्याच्या बाजारात पिएदादला विचारलं,
बांगडे कशे?
तिनं लगेच हिंदीत भाव सांगितला,
वर एक बांगडा जास्त टाकला,
बँकेतली बाई म्हणून.

फोनकडे एकाही माशाचं नाव नाही.
सफरचंदं आहेत,
आणि पाव खाणारा एक वाघ.
पण तो माझी कीव येऊन
हिंदीवर येत नाही कधी.
रात्री साडेअकरालाही
तितक्याच उत्साहानं चूक काढतो.

बांगडे साफ करताना हात बरबटलेले.
कोपरानं बटण दाबलं.
अठरा.