दोन रकाने

छातीचा फोटो उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले,
"चाळीस वर्षांचं सूत आहे हो आत.
हवा बदला."
जणू हवा म्हणजे टॉवेल,
मळला की दुसरा घ्यायचा.

बदलली.
साखर पेठेतली दीड खोली भाड्यानं देऊन
जुळे सोलापुरात आलो,
जिथं प्लॉटांना नंबर आहेत, गल्ल्यांना नावं नाहीत.
खिडकीसमोर बाभळी, पलीकडे ज्वारी,
आणि एवढं आभाळ
की पहिल्या दिवशी मी पडदाच ओढून घेतला.

डॉक्टरांनी फुंकायला एक नळी दिली.
काटा कुठवर सरकतो ते रोज लिहायचं.
यांनी कारखान्याची जुनी वही काढली,
टॉवेलांचे डझन लिहायची,
आणि रेघ मारली.

एकशे ऐंशी. एकशे नव्वद.
उन्हाळा सरेतो दोनशे साठ.
रात्रीचा खोकला गेला,
उशाजवळचा पंप धूळ खायला लागला.
हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही.
पेठेत आम्ही कापसात जेवायचो;
आमटीवर तरंगतंय काय ते बघून मगच भुरका.
दारात गटार, आणि चार दिवसांनी येणारं पाणी
रात्री अडीचला.

पाणी इथंही चार दिवसांनीच येतं.
फक्त "नीळ्ळोच्चिनै!" म्हणून
गल्लीभर कुणी ओरडत नाही.

झोपेचं मात्र जमलं नाही.
भिंतीपलीकडे माग खडखडायचे,
त्यावर आम्ही पोरं निजवली,
त्याच्यावर आवाज चढवून भांडलो.
इथं रातकिडा थांबला तरी हे दचकून उठतात:
"वीज गेली का?"

भाजीला स्कूटर. दुधाला स्कूटर.
दोऱ्याचं रीळ संपलं, तरी स्कूटर.
तिथं दिवसातून वीसदा जिना चढायची मी;
इथं जिनाच नाही, आणि गुडघे धरलेत.
"साखर पेठ सोडली आणि साखर वाढली,"
शेजारच्या बिराजदारबाईंना म्हटलं.
हसल्या असतील.
त्यांच्या दाराला जाळी आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत वही हाती लागली.
रेघेच्या डावीकडे फुंकीचे आकडे.
उजवीकडे बारीक अक्षरात दुसरेच:
शून्य. एक. शून्य. शून्य. दोन.
"हे काय?"
"बोललेली माणसं," म्हणाले. "तुला सोडून."

गुरुवारी मात्र फुंक दोनशे वीस,
माणसं एकतीस.
दर गुरुवारी.
मला सांगायचे, बँकेत जातो.
जायचे यल्लय्याच्या कारखान्यात,
सगळ्यांशी बोलून घ्यायचे,
मग सुताच्या गाठोड्यावर डोकं टेकून
चालू मागांच्या मधोमध दोन तास घोरायचे.
खिशात कापूस सापडायचा;
मला वाटायचं, जुनाच, धुण्यात निघत नसेल.

परवा डॉक्टरांनी डावा रकाना पाहिला,
बोट खाली नेत नेत थांबले.
"सगळं छान. पण राजेशम,
गुरुवारी का घसरता?"

हे माझ्याकडे बघायला लागले,
दांडी मारलेल्या पोरासारखे.

मी म्हटलं,
"गुरुवारी आम्ही
हवा बदलायला जातो."