पैला का दुसरा

उदगीरला, बसस्टँडमागच्या गल्लीत,
मे महिन्यात रात्री साडेनऊला
मुजीब शटर अर्धं ओढतो
आणि म्हणतो, डोळे झाका, बिडवेसाहेब.

टेबलावर टॉवेल. टॉवेलाखाली दोन पेट्या.
एक माझी, हैदराबादहून आणलेली,
बेचाळीस हजारांची (घरी अठरा सांगितलेत),
हात लावला तर रांजणाच्या बुडासारखी गार.
दुसरी त्याची, साबणाच्या डबीत बसवलेली:
नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जुन्या टेपमधून उपसलेले भाग,
आवाजाचं बटण कुठल्या तरी मेलेल्या रेडिओचं.
खर्च विचारला तर म्हणाला,
चहा धरून तीनशे चाळीस.

आधी त्याने मल्टिमीटर लावला.
दोघींचा आवाज एका मापात आणला,
पॉइंटनंतरच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत.
जरा मोठ्यानं वाजलं की तेच गोड वाटतं, म्हणाला,
माणसाचंबी तसंच.

पंखा बंद. हेडफोनच्या गाद्यांखाली घाम.
डोळ्यांवर त्याच्या पोरीची शाळेची ओढणी.
सीडीवर कुणा म्हाताऱ्याची सारंगी, मारवा.

खटका. हा पैला.
खटका. हा दुसरा.
खटका. आता सांगा, हा कोण?

मी सांगत गेलो.
हा मोकळा, यात गज तारेवर टेकताना दिसतो.
हा बसका, सर्दी झालेला.
हा माझा, माझाच,
बापाला पोरगं ओळखू येत नाही का?
वहीवर तो काय लिहीत होता कळत नव्हतं,
फक्त दर वेळी टेबल किंचित हलायचं.

तेराव्या फेरीला सारंगी थांबली
आणि मागे जी शांतता उरली
तशी मी जन्मात ऐकली नव्हती.
म्हटलं, मुजीब, हा माझा, लाव पैज.
ही शांतता बघ,
नांगरून टाकलेल्या काळ्या रानासारखी,
ढेकूळन् ढेकूळ वेगळं.
तुझ्या डबीत तळाशी भुसा असतो, तो इथे नाही.

तो बोलेना.
मग एका कानावरची गादी अलगद उचलून म्हणाला,
लाईट गेलीय, साहेब. कवाच.

ओढणी सोडली. मोबाइलच्या उजेडात वही.
सोळा फेऱ्या ठरल्या होत्या, झाल्या बारा,
तेरावी अंधारात गेली.
बाराला सहा बरोबर.
नाणं उडवलं असतं तर?
सहाच की, म्हणाला, आणि जिभेला बोट लावून पान उलटलं.
दोन आकड्यांभोवती गोल काढलेले.
हे काय?
तवा खटका नुसता वाजवला. बदललं काहीच नव्हतं.

नेमक्या त्या दोन फेऱ्यांत
मी सगळ्यात जास्त शब्द खर्चले होते.

माझं औषधाचं दुकान आहे.
दिवसातून वीसदा सांगतो,
मावशी, नाव वेगळं, गोळी तीच, अकरा रुपयांची न्या.
मावशी स्ट्रिप उलटीसुलटी बघते,
म्हणते, नको बाबा, ती महागाचीच दे, तिनंच गुण येतो.
मी मनात हसतो.
हसायचो.

पेटी बगलेत मारून निघालो.
मुजीबने कशाचेच पैसे घेतले नाहीत,
बॅटरीचे तेवढे घेतले.
किल्ल्याकडून वारा येत होता, भट्टीसमोर उभं राहावं तसा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि लाईट आली.
एकामागून एक कूलर सुरू झाले,
पटवाऱ्यांचा घरघरता,
नव्या बाईंचा शहाण्यासारखा हळू,
आणि त्यांत एक, ज्याचा पंप
थोड्या थोड्या वेळाने पत्र्यावर टिचकी मारतो.

उभा राहिलो. डोळे मिटले.
हा माझा. शंभर टक्के.

मग आठवलं,
घर कुठल्या हाताला आहे
हे मला आधीच ठाऊक होतं.
मुजीब म्हणाला असता,
ही फेरी धरायची नाही.