एक्स्टेन्शन एकोणीस

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, क्लिअरिंग एजंटांचं ऑफिस.
फोन, मेसेज, ईमेल, सगळं एका खिडकीत आणायचंय
शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

कोठारेबाई खुर्ची सोडत नाहीत.
बोर्डावरचे दिवे सकाळीच विझलेत,
तरी गॅस बंद केलाय ना बघावं
तसा हात जातो रिसीव्हरकडे.

मी म्हणतो, नियम सांगा. कोणाचा कॉल कुठे?

न्हावाशेव्याचा आला तर साहेबांना जेवणातून उठवायचं.
लुधियानाची पार्टी मेसेज करते तेव्हा नुसती चिडलेली असते,
ईमेल करते तेव्हा शेजारी वकील बसलेला.
मी टाइप करतो. अर्धंच बसतं चौकटीत.

"आणि दर एक तारखेला, साडेतीनच्या सुमारास,
भायखळ्याहून एक म्हातारे
पेडणेकरांना मागतात."
कुठे देऊ?
"एकोणीसला. पण पेडणेकर जाऊन सहा वर्षं झाली.
त्यांनाही ठाऊक आहे."
मग?
"मग काय! मी म्हणते, जागेवर नाहीत.
ते म्हणतात, आले की सांगा,
कॅरमचे बारा रुपये देणं लागतो मी.
आणि ठेवतात."

यादीत पर्याय: विक्री, हिशेब, व्हॉइसमेल, प्रतीक्षा.
कर्सर वरखाली, वरखाली.
खाली चहावाला ग्लास विसळतोय.

शेवटी एकोणीसवर बाईंचाच मोबाइल जोडला
आणि चाचणी म्हणून माझ्या फोनवरून लावला.
समोरच बसलेल्या त्या.
पर्स उघडली, घसा खाकरला:
"जागेवर नाहीत. काही निरोप?"

नाही, म्हटलं. सहजच केला होता.