वाडग्यातलं पाणी

सगळं करून झालं होतं तिचं.
राव्नेत्सचा कडू काढा, नऊ मंगळवार.
शापिचेच्या पानावर पहाटे साचतो तो एकच थेंब
हात न लावता जिभेने टिपायचा,
गुडघ्यांवर, गुरासारखा.
माझी धाकटी बहीण नेव्याना,
शाळेत भूमितीत पहिली आलेली.

सासूने तांबड्या क्लोव्हरची फुलं मधात मुरवून बरणी दिली.
वर फडकं, फडक्याला गाठ,
गाठीत टोमणा.

प्लोवदिवचा डॉक्टर म्हणाला, दोघंही ठणठणीत.
ठणठणीत माणसाला औषध तरी काय देणार?

मग उरला रोसेन.

रोदोपीच्या चुनखडी उतारावर फुलतो,
गुलाबी, जांभळ्या शिरांचा,
लिंबाच्या सालीसारखा वास.
भर उन्हात शिवलात तर कातडी पोळते.
वारा पडलेल्या संध्याकाळी जवळ काडी ओढली
तर भोवतालची हवा भुरकन पेटते,
झाड मात्र तसंच उभं.
असल्या झाडापाशी आमच्या बायका मूल मागायला जातात.

स्पासोवदेनची आदली रात्र.
अंगावर पांढरं कापड, उशाशी पाण्याचं वाडगं,
आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.
मध्यरात्री वारा येतो तो वारा नसतो,
सामोदिवा असतात, फुलं खुडत जातात.
सकाळी वाडग्यात बघायचं.
हिरवं पान पडलं तर बरी होशील.
माती पडली तर आवरून घे.
किडा-मुंगी पडली तर कूस उजवेल.

सोबतीला कुणीतरी लागतं. मी गेले.
चार पोरांची आई,
तंबाखूच्या चिकाने काळी पडलेली बोटं.

वारा आला. निदान मला तसं वाटलं.
कापडाखाली तिचा श्वास मोजून-मापून चाललेला,
झोपलेल्या माणसाचा असा नसतो.

तांबडं फुटायच्या आधी मी वाडग्यात डोकावले.
पाणी. नुसतं पाणी,
त्यात एक विझत आलेली चांदणी.
माझ्या दंडावर मुंगी चढत होती.
विचार न करता केलं, असं म्हणता आलं असतं.
केला विचार.
माझ्या चारही पोरांचे लंगोट
तिने धुतले होते, त्याचा.

मग झऱ्यावर जाऊन तोंड धुतलं.
परतले तर ती उठून बसलेली,
वाडगं मांडीवर.
वाकून पाहिलं.

दोन मुंग्या.

एक काळी, माझी.
दुसरी तांबूस, बारीक,
अजून पाय हलवणारी.
नेव्यानाची बोटं ओली होती.
बोलायचं नाही हा नियम होता,
बरं झालं होता.
पाणी आम्ही मुळाशी ओतलं.
मुंग्या दगडावर चढल्या आणि आपापल्या वाटेने गेल्या.

मग झालं का मूल, लोक विचारतात.
दोन म्हणजे जुळं, म्हणत सासूने
लोकर विंचरायला घेतली,
आणि वर्षभर बरणी पाठवली नाही.
त्या वर्षी नेव्याना रात्री झोपत होती.
एवढं औषध मी माझ्या डोळ्यांनी लागू पडताना पाहिलंय.
पुढचं तिचं ती सांगेल, सांगायचं असलं तर.