रिकाम्या पेवाचं भाडं

पुण्याहून आलेल्या तपासनिसानं
एक प्रश्नावली आणली होती
आणि एक बारकीशी स्क्रिप्ट,
जी चालवायची मीच, माझ्याच हातानं,
पतसंस्थेच्या सर्व्हरवर,
मार्केट यार्ड, सांगली, दुसरा मजला.

बावीस सेकंद लागले.
मग पडद्यावर यादी उतरली:
पार्टिशनिंग, बसवलेलं.
कॉम्प्रेशन, बसवलेलं.
आणखी दोन, ज्यांची नावं
मी पहिल्यांदाच वाचत होते.

म्हटलं, वापरतंय कोण?
आमच्याकडे सभासद, ठेवी, व्याज,
हळदीच्या पोत्यांवरचं तारण. संपलं.
तो म्हणाला, मॅडम,
करारात 'वापरलं' असा शब्दच नाहीये.
'उपलब्ध' असा आहे.

खाली सौदा सुरू होता. हाळी वर येत होती,
आणि नाकात ती पिवळी धूळ, जी
सर्व्हरच्या पंख्यातसुद्धा बसते.

माझ्या सासऱ्यांनी हरिपुरात दोन पेवं घेतली होती.
एकात हळद. दुसरं वर्षभर कोरडं, तोंड बंद.
भाडं मात्र दोन्हींचं, न कुरकुरता.
म्हणायचे, आत अंधार का असेना,
जागा अडवलीच ना आपण.

पण ती त्यांनी मागून घेतली होती.
आमची पेवं इन्स्टॉलरनं खणली,
'पुढे', 'पुढे', 'पुढे' दाबताना,
प्रत्येक चौकटीत आधीच बरोबरची खूण.

हे मी त्याला सांगणार होते.
तेवढ्यात त्याचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.
तीन ओळींपुढे शून्य.
कॉम्प्रेशनपुढे एक.
तारीख ऑगस्टची, पहाटे तीन वाजून दहा.

तवनाप्पा मगदूम.
जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी,
यूपीएसवर उरलेली चाळीस मिनिटं,
आणि खिशात मावेल एवढी एकच डिस्क.
अकरा हजार खाती त्यांनी
दाबून दाबून तिच्यात बसवली,
हळदीच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळली
आणि खिडकीतून होडीत उतरले.
नंतर कधी बोलले नाहीत त्याबद्दल.
फक्त म्हणाले, डिस्क ओली नाही झाली.

तपासनीस विचारत होता,
हा एक म्हणजे चुकून झालेला क्लिक धरायचा का?
तसं लिहिता येतं.
बरेच जण लिहितात.

आठ कोर, गुणिले दर, गुणिले पाच वर्षं.
आकडा चेअरमनसाहेबांच्या गाडीएवढा.

मी म्हटलं, तीन शून्यांसाठी मी भांडणार.
नोटीस पाठवा, वकील पाठवा, काय ते पाठवा.
हा एक मात्र चुकून नाही.
लिहा, वापरलं.

त्यानं लिहिलं. चहा तसाच निवला होता.

तवनाप्पा आता कवलापूरला असतात,
शनिवारी पासबुक भरायला येतात.
यंत्र कर्रकर्र करत ओळी छापतं
आणि ते चष्मा वर करून
प्रत्येक ओळ तपासतात,
व्याज बरोबर लागलंय का ते.