अस्सल बरहुकूम नक्कल

उदगिरात कलेक्टर नाही, तो लातूरला बसतो.
आमच्याकडे एकच होते, मन्मथअप्पा हुडगे,
तराजू-वजनं दुरुस्तीवाले, चौबाऱ्याच्या अलीकडं.
पुढं किलोची मापं, पितळी साखळ्या,
मागं लोखंडी कपाटात अकरा रिव्हॉल्व्हर.
सगळी मुकी. नळीत वेल्डिंग, घोड्याची टोच घासलेली,
परवानगीचे कागद प्रत्येकाच्या बुडाशी
लग्नपत्रिकेसारखे घडी घालून.

मी तहसिलातला, नकला देणारा कारकून.
साडेपाचला सुटलो की तिथं.
अप्पा शिलाई मशीनच्या तेलानं पुसत बसलेले.
करडईचं लावू नये म्हणायचे,
वासानं उंदीर येतात.

अकरांत अस्सल विलायती एकच.
तिचं कौतुक ते थोरल्या जावयासारखं करायचे,
दुरून.
जीव सगळा नकलांत.

"ही बेल्जमची. लंबगोलात मुकुट, दिसला? खाली चांदणी.
आणि ही स्पेनवाली बघ, हिच्या नळीवर लिहिलंय,
अमुक कंपनीच्या गोळ्या हिला चालतात.
कंपनीचं नाव आलं
आन् खोटं बी बोलला नाही गडी.
असला मुनीम आडतीवर पाहिजे!"
अप्पा हसले की
टेबलावरचा ताजवा सुद्धा जरासा हलायचा.

मी म्हणायचो, आमच्याकडं उलटं आहे अप्पा.
अस्सलाला कसर लागते, ते बस्त्यात बांधून पडतं.
नकलेखाली "अस्सल बरहुकूम" लिहून शिक्का मारला
की कोर्टात तीच खरी.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी
(दुकानात अजून आंबिलाचा डबा होता)
कासराळच्या देशमुखांचा नातू आला, पुण्याहून.
पांढऱ्या टॉवेलात आजोबांचं रिव्हॉल्व्हर, वर कागदांची फाईल.
शिकारीला आलेल्या गोऱ्या साहेबानं
खुश होऊन दिलेलं, म्हणाला. खास लंडनचं.
अप्पांनी भिंग लावलं. बराच वेळ.
मग ते ताजव्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात मापं घातली,
म्हणाले, "वजन बरोबर आहे."
नातू खुश झाला. साफ करायला ठेवून गेला.

तो कोपऱ्यावर वळेपर्यंत अप्पा बोलले नाहीत.
"लंडनमधला एन बघ."
उलटा होता. दोन्ही एन उलटे.
"खैबरकडची. घडवणाऱ्याला अक्षर येत नव्हतं,
समोर ठेवून बघून बघून खोदलं.
पण ओळ बघ की,
एका जागी हात हललेला नाही."

मी हातातला चहा खाली ठेवला.

नोकरीचं पहिलं वर्ष. मुनव्वर मुन्शी रजेवर,
एक बाई दारात, उद्या तारीख,
तिला उर्दूतल्या जुन्या कागदाची नक्कल हवी.
मला उर्दूचा अलिफही येत नव्हता.
आकाराखाली आकार काढत गेलो,
उजवीकडून डावीकडं, जीभ दातांत धरून,
रांगोळी काढावी तसं.
चौथ्या ओळीत एक काळा ठिपका होता.
नुक्ता, की माशीनं केलेली घाण, समजेना.
नखानं खरवडून बघितलं. निघेना.
मग मी तोही काढला,
आणि खाली लिहिलं, अस्सल बरहुकूम.

बाईनं पदरात गुंडाळून नेला कागद.
निकाल काय लागला
विचारायला बत्तीस वर्षं होती माझ्याकडं.

अप्पा म्हणाले, "ठिपका वर होता का खाली?"
"वर."
"नंबर आठवतो?"
नाही म्हणालो.
आठवत होता.

त्यांनी चिंधी माझ्याकडं सरकवली, तेलाची कुपी सरकवली.
"मूठ पूस, चक्री पूस.
त्या एनवर मातर जास्ती घासू नको.
राहू दे त्याचं त्याला."