बरगडीची नोंद

मी सुरी धरत नाही. मी रकाने आखतो.
एल आल्तोच्या रुग्णालयात, तिसऱ्या मजल्यावर,
छातीच्या वॉर्डाबाहेरच्या टेबलाशी
बावीस वर्षं माझं काम एवढंच:
नाव, वय, बाजू डावी की उजवी,
किती लिटर पू निघाला,
नळी किती दिवस राहिली,
आणि सगळ्यांत शेवटी, अरुंद,
निकाल.

त्या रकान्यात चारच उत्तरं मावतात.
बरा. मृत. पुन्हा दाखल. संपर्क नाही.

इथे हवाच मुळात उसनी मिळते.
बटाटे शिजायला दुपार जाते,
धडधाकट माणूसही जिन्यात मध्येच थांबून
खिशात किल्ली शोधल्यासारखं करतो.
अशा गावात कुणाच्या छातीत पू साचतो,
फुफ्फुस मुठीएवढं आकसून बसतं,
त्यावर साय धरते,
सायीची साल होते, सालीचं कातडं.
डॉक्टर आरान्सिबिया ते सोलतात.
तीन तास, चार तास. बोलत नाहीत.
बाहेर आले की मला बोटं दाखवतात,
जितके खंड फुगले तितकी.
बोटं न दाखवता हात धुवायला गेले
की रकाना मी आपणहून भरतो.

नोंद एकशे सत्तावीस.
फोर्तुनाता चुकिमिया, एकोणपन्नास, डावी.
दोन लिटर तीनशे.
सहावी बरगडी, नऊ सेंटिमीटर, काढली.
नळी एकोणीस दिवस.
एकोणीस दिवस ती खाटेखालच्या बाटलीतले
बुडबुडे मोजायची, आयमारात, पुटपुटत.
ज्या दिवशी एकही आला नाही
त्या दिवशी भेदरून हाका मारू लागली.
नर्स म्हणाली, अगं बाई, हेच तर हवं होतं.

सहा महिन्यांनी फोन लावला. लागला नाही.
वर्षाने लावला. एका पोराने उचलला,
टायरचं दुकान, म्हणाला, चुकीचा नंबर.
नियम स्पष्ट आहे.
'संपर्क नाही' लिहिलं,
आणि अहवालातल्या सतरा टक्क्यांत ती गेली.

मग जूनमधली एक सकाळ. काचेवर आतून बर्फ.
टेबलासमोर आधी टोपी दिसली,
टोपीखाली ती.
तीन मजले चढून, धापा टाकत,
पण बोलण्यापुरती हवा राखून.
पाठीवरच्या फडक्यात चुन्यो:
थंडीत गोठवलेले, पायांनी तुडवून सोललेले,
खड्यांसारखे हलके बटाटे.
"हे डॉक्टरांना," म्हणाली.
"आणि माझी बरगडी द्या."

कुठली?

"तुम्ही ठेवून घेतलीत ती.
थोरली बहीण म्हणते, अर्धीमुर्धी गेलीस
तर माती विचारेल, बाकीची कुठे?"

बावीस वर्षांत हे कुणी मागितलं नव्हतं.
मी रजिस्टर फिरवून दाखवलं:
हे बघा, सहावी, नऊ सेंटिमीटर.
तिला वाचता येत नव्हतं.
आकड्यावर बोट ठेवून ती उभी राहिली.
तळघरात भट्टी आहे,
मंगळवारी आणि शुक्रवारी पेटते,
हे सांगायचं नव्हतं मला.
सांगितलं.

"धूर कुठे जातो?"

खिडकीशी गेलो. खरंच ठाऊक नव्हतं.
धुराडं, पत्र्यांची छपरं, एक कुत्रं.
पठाराकडे, म्हणालो. बहुतेक.
तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून
ते कळलं नाही.
चुन्योची पुडी टेबलावर ठेवून गेली.

रजिस्टरात खोडायचं नसतं.
एक रेघ मारायची, बाजूला सही करायची.
मारली. केली.
पुढे काय लिहायचं?
'बरी' दोन अक्षरांचं आहे, मावतं.
जिन्यात तिची पावलं.
एक मजला. थांबली.
पेन हातात धरून
मी मोजत बसलो.